नवा टीव्ही आला. आता गेम घ्यावा का? (आणि खेळण्यांबद्दल थोडं इकडचं तिकडचं)

हॉलमधला_माणूस

राम राम मंडळी,

२०२५ च्या घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबरला, ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि आमच्याकडं वर्षभर रखडलेलं "बघू, दिवाळीला बघू" एकदाचं संपलं. कराआधीची किंमत चाळीस हजार धरा. आधी ५१,२०० पडले असते, ते ४७,२०० पडले. वाचलेल्या चार हजारांचं घरात काय होतं ते संसारी माणसाला सांगायला नको.

तर ५५ इंची टीव्ही आलाय. सांगलीतला आमचा हॉल काही मोठा नाही, सोफ्यापासून भिंत जेमतेम आठ फूट. पण चार के चित्राला एवढं अंतर पुरतं. लावायला आलेली पोरं तो पार वर, गणपतीच्या फोटोच्या ओळीत लावायला निघाली होती. "वर लावला की भारदस्त दिसतो, साहेब." म्हटलं, भारदस्त दिसेल तुम्हाला, मान माझी जाणार. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य, एवढा हट्ट मात्र धरा. हे कुणी आपणहून सांगत नाही.

पहिल्या संध्याकाळी चित्र असं की क्रिकेटच्या मैदानावरचं गवत पोपटी, आणि समालोचकाचं तोंड गाजरासारखं. दुकानात उठून दिसावा म्हणून ठेवलेला मोड तसाच घरी आला होता. तो बदलला. मग एक जुना सिनेमा लावला तर सगळं गुळगुळीत, घाईत आटोपलेल्या मालिकेसारखं. सिनेमाच्या सेकंदाला २४ चौकटी असतात, आणि टीव्ही मधल्या रिकाम्या जागी आपल्या मनानं चौकटी तयार करून घालतो. मला ते बघवत नाही. बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "काल माणसं कशी घरात आल्यासारखी दिसत होती. आज काय झालं रे ह्याला?" तिला तेच आवडलं होतं! सात ते दहा रिमोट तिच्याकडं असतो. हा झाला पहिला तंटा.

दुसरा थोरल्याचा. वय वर्षे अकरा. त्याला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, पाहिजे. आत्ता तो बायकोच्या मोबाईलवर खेळतो, आतल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, कानात बोंडं घालून. भिंतीला पाठ का, तर मागून कुणाला पडदा दिसू नये म्हणून. माझं मत लोकांच्या उलट आहे. पोरगं खेळणारच असेल तर घरातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर, हॉलमध्ये, चारचौघांत खेळावं. मोबाईलवर तो काय खेळतो आणि त्याच्याशी कोण बोलतं, मला काही कळत नाही. टीव्हीवर खेळला तर आजी विचारेल, "हा कुणाला मारतोय रे, आणि का?" त्या 'का'ला उत्तर देता देता निम्मा गेम संपतो.

घरात नवी वस्तू येताना मी हल्ली एकच बघतो, एका वेळी तिला किती जणांचे हात लागतात. टीव्हीला एकाचा, रिमोट असेल त्याचा. मोबाईलला एकाचाच. कॅरमला चौघांचे.

आणि धाकटीच्या वाढदिवसाला आलेल्या खेळण्यांना एकाचेही नाहीत. ती पाच वर्षांची. पोट दाबलं की इंग्रजीत एकच गाणं म्हणणारी बाहुली, चालून भुंकणारं कुत्रं, 'ए फॉर ॲपल' ओरडणारा खोटा लॅपटॉप. कुत्रं सगळं स्वतःच करतं. चालतं, भुंकतं, शेपटी हलवतं. पोरीनं काय करायचं, टाळ्या? तिसऱ्यांदा बटण दाबून झाल्यावर तिनं त्याला झोपवलं, ते अजून झोपलेलंच आहे.

ती खेळते भातुकली. आत्यानं पुण्याहून तुळशीबागेतून आणलेली, पितळी, त्यात अंगठ्याएवढं पोळपाट-लाटणं आणि बंबसुद्धा. माझ्या वाट्याला ठरलेली चुरमुऱ्यांची आमटी. "तिखट झालीय का बाबा?" 'झालीय' म्हटलं की एक शेंगदाणा टाकते, तो गूळ. 'नाही' म्हटलं की दुसरा टाकते, तो मिरची. आमटी आवडली म्हणून भागत नाही, काहीतरी खोट काढावीच लागते, नाहीतर पुढं खेळच नाही. एकदा बायकोनं "छान झालीय" म्हणून वाटी खाली ठेवली तर आमच्या स्वयंपाकीणबाई रुसल्या.

आता विचारतो. कन्सोल घेतला तर एकाच सोफ्यावर बसून दोघा-तिघांना खेळता येईल असं काही उरलंय का, की सगळं ऑनलाइन अनोळखी लोकांशीच? आईचा गुळगुळीतपणा आणि माझा सिनेमा एकाच टीव्हीत कसे नांदवायचे? आणि धाकटीसाठी बॅटरी न लागणारं, सगळ्यांना बरोबर घेऊन बसता येईल असं काय सुचवाल?

---

उगाच_एक

बाकी राहू द्या. चार हजार गेले कुठं ते आधी सांगा.

---

हॉलमधला_माणूस

भिंतीचा ब्रॅकेट, स्टॅबिलायझर, आणि "आता सोफ्याचे अभ्रे जुने दिसतात हो."

---

वायरमन

आईंचा प्रश्न सगळ्यात सोपा, तो आधी.

बहुतेक टीव्ही चित्राची सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगवेगळी लक्षात ठेवतात. सेट-टॉप बॉक्स ज्या एचडीएमआयवर (मागं वायर खुपसायची ती जागा) आहे तो चालू ठेवून गुळगुळीतपणा सुरू करा. कंपनीगणिक नाव वेगळं, पण मेनूत 'मोशन' शब्द असलेलं काहीतरी सापडेल. मग टीव्हीतल्या ॲपवर जाऊन तेच बंद करा आणि 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. शेवटी 'सर्व इनपुटना लागू करा' असं विचारलं तर 'नाही' म्हणा. इथं 'हो' म्हणालात की तंटा पुन्हा सुरू. आईंची मालिका आईंच्या पद्धतीनं, तुमचा सिनेमा तुमच्या.

कन्सोलसाठी तिसरं इनपुट, त्यावर 'गेम मोड'. चित्र चकचकीत करायला टीव्ही जो काही उद्योग करतो त्यात वेळ जातो. बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंतचा उशीर. गेम मोडमध्ये तो बहुतेक उद्योग बंद होतो. नाहीतर पोरगं हरणार आणि म्हणणार, "मी दाबलं होतं!" ते खरंही असेल.

मागचे सगळे एचडीएमआय सारखे नसतात. चार के चित्र सेकंदाला १२० वेळा घेणारे बऱ्याच टीव्हींत एक-दोनच असतात, शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तुमचं पॅनेल मुळात ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र दाखवणारं, असेल तर सोडून द्या, कुठंही लावा. आणि कन्सोलबरोबर येते ती वायर पुरते. दुकानदार सोन्याचा मुलामा दिलेली वायर पुढं करेल. नमस्कार करून यायचं.

आता कोणता. तुमचं ते किती हात लागतात याचं माप मला पटलं, त्यामुळं त्या मापानंच सांगतो.

घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायला निन्टेंडो स्विच सगळ्यात बरा. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे होतात, म्हणजे डबा उघडल्या उघडल्या दोघांचे हात लागतात. मारिओ कार्ट ८ डिलक्स एका पडद्यावर चौघं खेळतात. पहिला स्विच २०१७ चा, दुसरा ५ जून २०२५ ला आला. अडचण अशी की भारतात दोन्हींची अधिकृत विक्री नाही. बाहेरून आलेला घ्यायचा, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दाएवढी. गेमही महाग, आणि सहसा स्वस्त होत नाहीत.

प्लेस्टेशन ५ आपल्याकडं फेब्रुवारी २०२१ पासून रीतसर मिळतो. घ्यायचाच तर डिस्कवाला घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. डिजिटलवाल्यात गेम त्यांच्याच दुकानातून, त्यांच्याच भावानं. डिस्क मात्र खेळून झाली की विकता येते, दुसऱ्याची घेता येते. मी वर्षानुवर्षं असंच करतोय. कंट्रोलर एकच येतो, दुसरा वेगळा घ्यावा लागतो, त्याचे पैसे आधीच धरा. घरच्या घरी दोघांनी खेळायला महिन्याची वर्गणी लागत नाही. विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा असेल तेव्हा बहुधा लागते. दुकानात हे नीट सांगत नाहीत.

सोफ्यावरचे गेम कमी झालेत हे खरं, संपलेले नाहीत. 'ओव्हरकुक्ड' घ्या. चौघांनी मिळून हॉटेलचा स्वयंपाक, एक चिरतो, एक भांडी घासतो, ऑर्डर तुंबतात, आग लागते. तुमच्या भातुकलीवाल्या कन्येला दोन वर्षांनी जमेल. २०२१ चा 'इट टेक्स टू' एकट्याला खेळताच येत नाही, दोन कंट्रोलर हवेतच. पण त्यातलं नवरा-बायकोचं जोडपं घटस्फोट घ्यायला निघालेलं असतं आणि त्यांची मुलगी रडत असते. युरोपात तो बारा वर्षांपुढच्यांसाठी म्हणतात. तुम्ही आणि वहिनी आधी खेळून बघा.

---

रात्रपाळी

माझा वेगळा अनुभव सांगते, कारण हे हॉलचं तत्त्व आम्हीही लावून पाहिलं. मी नर्स आहे, नवरा कारखान्यात, घरात सासूबाई आणि तेरा वर्षांचा मुलगा.

हॉल सात ते दहा आजीचा. मुलाचा अभ्यास संपतो साडेसातला. मग काय? "आज्जी, दहा मिनिटं." आज्जी देत नाही. भांडण नको म्हणून कुणीतरी त्याच्या हातात मोबाईल देतं. झालं, कन्सोल टीव्हीखाली धूळ खात आणि मुलगा पुन्हा भिंतीला पाठ लावून. तुमच्याकडं दोघांच्या वेळा कशा बसणार ते आधी ठरवा, मग पैसे घाला.

दुसरं, किती वेळ खेळतो यापेक्षा त्याला मध्येच थांबता येतं का ते बघा. मोबाईलवरचे ते शंभर जणांचे लढाईचे गेम अर्धा-अर्धा तास चालतात आणि मध्ये थांबता येत नाही. सोडला तर बाकीची टोळी शिव्या घालते. ताट वाढून मी हाक मारते, त्याच्या मते तो रणांगणावर असतो. त्यातला पब्जी सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये बंद केला तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय होऊन परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, पुन्हा साखर. मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. आता साखर ठेवत नाही.

वायरमन म्हणतात त्या गेममध्ये थांबायचं बटण असतं, ही फार मोठी गोष्ट आहे. मला कुणी ती आधी सांगितली नव्हती.

पैशांचंही बघा. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन गेम बंद केले. पण गेममधल्या माणसाचे कपडे आणि बंदुकीचे रंग विकत घेणं त्यात येत नाही, ते चालूच आहे. कन्सोलवर मुलाचं खातं मुलाचं म्हणूनच उघडा, जन्मतारीख खरी घाला, खर्चाची मर्यादा शून्य. आणि कार्ड जोडून ठेवू नका.

धाकटीबद्दल एवढंच की भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला दोन वर्षांखाली पडदा नाही आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस जवळ असताना, असा आहे. पडदा ५५ इंची असला म्हणून तास मोठा होत नाही.

---

हॉलमधला_माणूस

रात्रपाळी, आजीच्या वेळेचा मुद्दा मला सुचलाच नव्हता असं नाही, पण मी तो "होईल काहीतरी" म्हणून बाजूला ठेवला होता. बायकोनं तुमचा प्रतिसाद वाचून नुसतं माझ्याकडं बघितलं.

मर्यादा शून्य, कार्ड नाही, मान्य. अनोळखी लोकांशी बोलायचा माइकही बंदच ठेवणार.

---

मराठी_बाणा_बिणा

एक अवांतर. पडदा मोठा की लहान, त्यातली भाषा कुठली? आमचा नातू डोरेमॉन हिंदीत बघतो आणि भूक लागली की मला म्हणतो, "आजोबा, मेरी मदत करो." मोठ्या टीव्हीवर मोठ्या आवाजात हिंदी.

---

हॉलमधला_माणूस

आमच्याकडं पण! धाकटी बाहुलीला मराठीत जेवायला घालते आणि हिंदीत रागावते. का कुणास ठाऊक, रागावायची भाषा ठरलेली आहे.

---

खेळणीवाला_कऱ्हाड

कुत्रं भुंकतं म्हणूनच विकलं जातं, दादा. तीस वर्षं गल्ल्यावर बसलोय, त्या अधिकारानं सांगतो. खेळणं घेणारा एक आणि खेळणारं दुसरंच. वाढदिवसाला निघालेलं गिऱ्हाईक पाच मिनिटांसाठी येतं. मी कुत्रं काउंटरवर सोडतो, ते चालत जाऊन वळतं, गिऱ्हाईक हसतं, "द्या बांधून." लाकडी ठोकळे काउंटरवर काय करून दाखवणार? ते तसेच पडून राहतात. ठोकळ्यांत काय आहे ते पोर हातात घेईल तेव्हा कळणार, आणि पोर दुकानात आलेलंच नसतं. म्हणून पोराला दुकानात आणा आणि बोलू नका. ज्या खेळण्याजवळ ते खाली बसतं ते त्याचं. उभ्यानं बघून पुढं गेलं तर सोडून द्या.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. आयात कर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केला, २०२३ मध्ये ७०. त्याआधी आमच्याकडं चिनी माल खोक्यांनी यायचा, किलोवर घेतल्यासारखा. आता इथला माल खूप वाढलाय आणि बराच चांगला आहे. भावही वाढले, ते का वाढवलेत म्हणून शिव्या मला बसतात. शिक्क्याजवळ 'सीएम/एल' पासून सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कारखान्याचं नाव येतं. नुसता शिक्का छापणारेही आहेत, म्हणून नंबर टाकून बघा. आमच्यासमोर बघितला तरी आम्हाला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडून घेऊ नका.

सावंतवाडीची लाकडी फळं किंवा चन्नपट्टणची खेळणी घेतलीत आणि शिक्का दिसला नाही तर लगेच संशय घेऊ नका. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे.

आता नीट ऐका. तुमच्या त्या गाणाऱ्या बाहुलीच्या पाठीवरचं झाकण बघा. बटण सेल असतील तर झाकणाला स्क्रू पाहिजे. नखानं उघडत असेल तर ती बाहुली आज रात्रीच घराबाहेर काढा. रुपयाच्या नाण्यासारखा तो चपटा सेल पोराच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

कॅरम, बुद्धिबळ, लुडो यांच्यावर आता १२ ऐवजी ५ टक्के जीएसटी आहे, हे उगाच जाता जाता. कॅरम घ्यायचा तर २९ इंची खेळपट्टीचा घ्या, पोरांचे म्हणून छोटे येतात ते घेऊ नका. त्यांच्यावर बोटाची सवय चुकीची लागते.

---

ऱ्हाईनकाठची

मी डॉर्टमुंडजवळ राहते, माहेर मिरजेचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे.

जर्मनीत पट मांडून खेळायच्या खेळांचं प्रस्थ आहे. १९७९ पासून दरवर्षी वर्षातल्या उत्तम खेळाला पुरस्कार देतात, लहान मुलांच्या खेळांना २००१ पासून वेगळा. लाल सोंगटीचं चिन्ह मोठा पुरस्कार, निळ्या सोंगटीचं मुलांचा. दुकानात गेलेले आजी-आजोबा नाव न वाचता निळी सोंगटी बघून खोका उचलतात. इथल्या बऱ्याच शहर वाचनालयांतून खेळ पुस्तकांसारखे घरी नेता येतात. परत करताना सोंगट्या मोजून बघतात. आमच्याकडून एकदा चेरी हरवली होती.

ती चेरी ज्या खेळातली, तोच सांगते. त्याचं नाव 'ओब्स्टगार्टेन', म्हणजे फळबाग, १९८६ पासून चालत आलेला. यात कुणी कुणाला हरवत नाही. सगळे एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला एक डोमकावळा. चार झाडं, प्रत्येकावर दहा फळं. फाशाच्या चार बाजूंना चार झाडांचे रंग, पाचवीला टोपली, सहावीला कावळा. रंग आला तर त्या झाडाचं एक फळ तोडायचं, टोपली आली तर मनाला येतील ती दोन. कावळा आला की त्याच्या चित्राचा एक तुकडा लावायचा. तुकडे नऊ. चित्र पुरं व्हायच्या आत बाग उतरवली तर सगळे जिंकले, नाहीतर कावळा.

विकत घ्यायची गरज नाही. दहा चिंचोके, दहा राजमे, दहा काबुली चणे, दहा शेंगदाणे. लुडोच्या फाशावर रंगीत कागदाचे चौकोन चिकटवा. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा अजून असेलच, त्यावर कावळा काढून नऊ तुकडे करा. आपला साधा कावळाच काढा, पोरांना तो जास्त ओळखीचा.

गंमत टोपलीत आहे. सुरुवातीला मूल टोपली आली की आवडतं फळ उचलतं. माझी लेक चेरीच उचलायची, चेरीचं झाड रिकामं करून टाकायची. मग पुढं चेरीचा रंग आला की तोडायला काहीच नाही, पाळी फुकट, आणि कावळा पुढं सरकतो. असं काही वेळा झालं की एक दिवस हात चेरीकडं जातो, थांबतो, आणि ज्या झाडावर सगळ्यात जास्त फळं आहेत तिकडं वळतो. तोपर्यंत मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. हे 'तोंड उघडायचं नाही' माझ्या सासऱ्यांना जमलं नाही. ते भारतातून आले होते आणि दर पाळीला शिकवत होते. शेवटी लेकीनं त्यांना कावळ्याच्या बाजूला बसवलं.

---

सायकल_दुरुस्ती

नाव सायकलचं असलं तरी मी निवृत्त शिक्षक. थोरल्यासाठी कुणीच काही सुचवलं नाही म्हणून लिहितो.

अरविंद गुप्तांचं नाव ऐकलं असेल. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत होते, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं सगळं काम इंटरनेटवर फुकट आहे, पुस्तकं आणि चित्रफिती दोन्ही, बरंचसं मराठीतसुद्धा. त्यातलं काड्यापेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचं खेळणं मी वर्गात घेत असे.

व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे कापायचे. काडीचं गूल खरवडून टाकायचं. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी घातली की झाला सांधा, हवा तसा वाकणारा. तीन काड्या, तीन तुकडे, त्रिकोण. चार काड्यांचा चौकोन. मग मुलांना म्हणायचं, दोन्ही दाबून बघा. चौकोन कलतो, चपटा होतो, पतंगासारखा तिरका होतो. त्रिकोण जागचा हलत नाही. आता चौकोनाला कसं उभं करशील? कुणीतरी कोपऱ्यातून कोपऱ्यात काडी घालायला बघतं आणि ती आखूड पडते. का पडते, हा पुढचा अर्धा तास. तुकड्याला मध्ये काट्यानं भोक पाडून तिसरी काडी घातली की सांधा तिघांचा होतो, मग घर, मनोरा, काय वाटेल ते. नंतर रेल्वेच्या पुलाखालून जाताना हीच पोरं वर बघून त्रिकोण मोजत बसायची.

काड्यापेट्या, दोन हात व्हॉल्व्ह ट्यूब आणि एक ब्लेड, एवढं पुरतं. ब्लेड तुम्ही धरा.

---

हॉलमधला_माणूस

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगतो.

बाहुलीच्या पाठीला स्क्रू होता. खोट्या लॅपटॉपला नव्हता. सेल काढून टाकले, लॅपटॉप आता मुका आहे. पण भातुकलीत दुकानाचं बिल करायला वापरतात म्हणे. बटणं दाबायची आणि आकडा तोंडानं सांगायचा. माझ्या आमटीचे एकशे दहा झाले.

वायरमन, इनपुटाचं तंतोतंत जमलं. सेट-टॉप बॉक्सवर आईचा गुळगुळीतपणा परत आला. "झालं का नीट? मेकॅनिक आला होता का?" असं विचारलं तिनं. मीच मेकॅनिक आहे हे सांगून फायदा नव्हता.

कावळा आईनंच काढला, तिची रांगोळी चांगली आहे. तुकडे पुठ्ठ्याचे, पण तिनं कावळ्याच्या चोचीत घास काढलाय. त्यामुळं धाकटीला तो जिंकला तर वाईट वाटत नाही, त्याला जेवायला मिळालं म्हणते. नियमात हे बसत नाही, ऱ्हाईनकाठची, पण काय करणार. शेंगदाण्याचं झाड मात्र नेहमी लवकर रिकामं होतं आणि त्यात फाशाचा दोष नाही, थोरला खातो.

व्हॉल्व्ह ट्यूब गणपती पेठेतल्या सायकलवाल्याकडं मिळाली. "किती सायकली आहेत तुमच्याकडं?" असं विचारून त्यानं वर माझ्याकडं संशयानं बघितलं.

कन्सोलचं असं ठरलंय की वार्षिक परीक्षा झाल्यावर प्लेस्टेशन, डिस्कवाला, दोन कंट्रोलर. शाळा असताना शनिवार-रविवार सकाळी, जेव्हा आईच्या मालिका नसतात. संध्याकाळी अजिबात नाही. रात्रपाळी, ही अट बायकोनं तुमच्या प्रतिसादाचा फोटो काढून घातली आहे. थोरल्यानं वाटाघाटीत एवढंच मागितलं की तो खेळताना आजीनं 'का मारतोस' विचारू नये. आजीनं ते नाकारलं.

वायरमन, एकच शंका उरली. सेकंडहँड डिस्क घेताना चरे बघायचे असतात का? थोरला म्हणतो, तसलं काही नसतं, मी म्हणतो असणारच.

---

वायरमन

बघायचे. उजेडाखाली तिरकी धरून. बारीक केसासारखे चरे चालतात, गोल फिरत गेलेला खोल चरा नको. शक्यतो विकणाऱ्याच्याच कन्सोलमध्ये घालून गेम सुरू होईपर्यंत थांबा, नुसतं नाव दिसलं म्हणून पैसे देऊ नका. आणि आत कागदावर एकदाच चालणारा कोड असेल तर तो वापरलेलाच समजा, त्याचे पैसे लावत असेल तर कमी करून घ्या.

---

उगाच_एक

अभ्रे कुठल्या रंगाचे घेतले?

---

हॉलमधला_माणूस

मला विचारलं नव्हतं. करडे.